शून्यकाकांचं एकशेवीसचं मशीन

शून्यकाकांना शून्यकाका म्हटलेलं मुळीच खटकत नसे, कारण ते नाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी पेट्रोल पंपावर काढली, आणि नळी हातात घेतली की पहिलं वाक्य ठरलेलं: "शून्य बघा." म्हणजे मीटरवर आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा नाही, खात्री करून घ्या. बहुतेक लोक मोबाइलात डोकं घालून बसलेले असत. मग काका नुसते उभे राहत. गिऱ्हाइकाने मान वर करून शून्य बघितल्याशिवाय त्यांचं बोट खटक्यावर जात नसे. मागची रांग हॉर्न वाजवून वाजवून दमे, पण काका ढिम्म.

नावाखेरीज पंपाने त्यांना दोन सवयी दिल्या होत्या. पहिली, "पुढे घ्या". आलेली गाडी सगळ्यांत पुढच्या नळीपाशी न्यायची, म्हणजे मागे दुसरीला जागा होते. पुढे रिकामं असताना मागच्या नळीपाशी ठाण मांडणारा माणूस काकांच्या लेखी वाया गेलेला होता. दुसरी सवय म्हणजे टाकी फुल. अर्धवट भरलेली गाडी पंपाबाहेर पडताना बघितली की त्यांना पाहुणा उपाशी उठल्यासारखं वाटे.

मग पंप बंद झाला. गाड्या विजेवर चालू लागल्या, एका कंपनीने ती जागा घेतली आणि तिथे चार्जिंग स्टेशन काढलं. जुन्या घराबरोबर भिंतीतलं कपाट मिळावं तसे काका त्या जागेबरोबर कंपनीला मिळाले. पेट्रोलच्या टाक्या उपसून काढल्या, जमीन सपाट केली, आणि माणसाच्या उंचीची दोन पांढरी मशीनं उभी राहिली. प्रत्येकावर हातभर आकड्यांत लिहिलेलं: १२०, म्हणजे किलोवॅट. प्रत्येक मशीनला दोन गन, म्हणजे गाडीत खुपसायच्या जाड केबली. चार गन, गाड्या उभ्या करायला शेजारी शेजारी चार चौकोन, आणि कडेला काकांची केबिन.

घरी काकूंनी या बदलाचं स्वागत केलं, पण पूर्ण नाही. एकतीस वर्षं त्या काकांच्या कपड्यांना वेगळी बादली ठेवत होत्या. आता वास गेला, आणि वासाबरोबर सूचनाही गेली. "पूर्वी तुम्ही जिन्यात आलात की कळायचं," त्या म्हणायच्या. "आता चोरासारखे येता. परवा फोनवर तुमच्याच विषयी बोलत होते, तर मागे उभे!"

स्टेशन सुरू होण्याआधी एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. शिकवायला कंपनीचा मिस्त्री आला होता. चाळिशीचा, सडपातळ, खिशाला तीन पेनं आणि एक टेस्टर लावलेला. काकांनी मन लावून ऐकलं. मधे वीसेक मिनिटं मात्र ते बाहेर होते, कारण कुणीतरी गाडी भलतीच आडवी लावली होती आणि ती पुढे घेतल्याशिवाय काकांच्या जिवाला चैन पडणार नव्हती.

जे ऐकलं ते त्यांनी असं आत्मसात केलं, की आठवडाभरात ते गिऱ्हाइकांना शिकवू लागले. मशीनवर एकशेवीस लिहिलंय म्हणून रागाने बोट दाखवणारे रोज येत. "काका, एकशेवीसचं मशीन ना हे? मग माझ्या गाडीला सत्तरच का?"

"एकशेवीस ही मशीनची ताकद," काका सांगत. "तुमची गाडी छोटी आहे, तिचा घासच सत्तरचा. जास्त कसा जाईल? आणि आता बॅटरी रिकामी आहे म्हणून ती भराभर खातेय. ऐंशी टक्के झाले की सावकाश खाईल. शेवटचे वीस टक्के तर चिवडत बसेल. ते मशीनच्या हातात नाही, तिच्या पोटाच्या हातात आहे."

लोकांना पटायचं. पटून ते म्हणायचे, "मग ऐंशीलाच काढतो." यावर काका छातीवर हात ठेवायचे. "अर्धवट नेणार? बसा हो, चहा घ्या. फुल करून जा." आणि त्या शेवटच्या वीस टक्क्यांसाठी चांगली धडधाकट माणसं पाऊण पाऊण तास केबिनबाहेरच्या बाकावर चहा पीत बसून राहायची.

असं सगळं छान चाललं होतं, फक्त स्टेशनचा वेग पडेल होता.

म्हणजे काय व्हायचं, की सकाळी पहिली गाडी यायची. काका फाटकापासून सगळ्यांत आतल्या चौकोनाकडे हात करत: पुढे घ्या, पुढे घ्या. एक नंबरची गन लागायची, पडद्यावर आकडा चढायचा, शंभर, एकशेपाच. काकांचा चेहरा उजळायचा. मग दुसरी गाडी यायची, तिच्या शेजारी दोन नंबरला लागायची, आणि दोन्हीकडचे आकडे धपकन साठावर. रोज. काकांनी यावर खूप विचार केला आणि निष्कर्ष काढला की वरूनच वीज कमी येते. सकाळची वेळ, गावभर गिझर आणि इस्त्र्या चालू, मशीनला बिचाऱ्याला उरणार काय? शिवाय मशीनही मरतुकडंच असणार.

या मताला विरोध करणारी एकच व्यक्ती होती, टॅक्सीवाली ताई. पहाटेपासून तीन फेऱ्या मारून ती पावणेआठला यायची आणि साडेआठला तिला पुढचं भाडं असायचं. तिचं म्हणणं एकच.

"काका, मला तीन नंबरची गन द्या ना."

"का? दोन नंबरला काय काटे आहेत?"

"तीनला लवकर होतं. माझा अनुभव आहे."

"अनुभव मला सांगतेस? पुढचे दोन भरल्याशिवाय तीन नाही. रांग म्हणजे रांग."

"अहो, इथे रांग कुठाय? चारही जागा वेगवेगळ्या आहेत. कुणी कुणाला अडवत नाही."

"आज नाही अडवत," काका म्हणायचे, आणि तिला दोन नंबरला पाठवायचे. तीन नंबरची गन नशीबवान आहे ही गोष्ट मात्र सगळ्या नेहमीच्या गाडीवाल्यांत पसरली होती. काकांना या लोकांची गंमत वाटायची. विजेच्या गाडीत बसायचं आणि नशिबावर विश्वास ठेवायचा!

स्वतः काका नशिबावर विसंबून नव्हते, ते तक्रारीवर विसंबून होते. आठ महिन्यांत त्यांनी कंपनीला सात पत्रं लिहिली. पत्रलेखन हा त्यांचा लपलेला गुण होता. "सदर मशीन हे दिसण्यास धष्टपुष्ट परंतु वागण्यास आजारी असून," असं पहिलं पत्र सुरू झालं होतं, आणि शेवट प्रत्येकाचा एकच: "तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती." पत्रांमुळे मिस्त्री तीनदा येऊन गेला. आला की स्टेशन अर्धा तास बंद ठेवायचा, स्वतःची गाडी एकेका गनला लावून बघायचा, आणि सांगायचा, "काका, मशीन ठणठणीत आहे."

"तुझ्यासमोर शहाण्यासारखं वागतं," काका म्हणायचे. "तू गेलास की आहेच."

मिस्त्री हसायचा, चहा प्यायचा आणि जायचा. तिसऱ्या वेळी त्याने गाडीतून रबराची एक जाड चटई काढून केबिनमध्ये अंथरली. फरशी गार असते, दिवसभर उभं राहून गुडघा धरत असेल, म्हणाला. काकांनी चटई ठेवून घेतली आणि त्याच्याविरुद्ध सातवं पत्र लिहिलं. कर्तव्य वेगळं, चटई वेगळी.

आणि मग एके दिवशी कंपनीचंच पत्र आलं. सगळ्या स्टेशनांमध्ये तुमच्या स्टेशनचा सरासरी वेग सर्वांत कमी, एकोणतीस. किमान पंचेचाळीस अपेक्षित. येत्या मंगळवारी इंजिनियर येऊन तपासणी करतील. सुधारणा न झाल्यास महिनाअखेर दोन्ही मशीनं उचलून दुसऱ्या जागी नेण्यात येतील.

काकांनी पत्र तीनदा वाचलं. मशीनं गेली की केबिन गेली, आणि केबिन गेली की काका गेले. वय अठ्ठावन्न. या एकाच कोपऱ्यावर त्यांचे केस काळ्याचे पांढरे झाले होते. दुसरीकडे जाऊन ते कुणाला शून्य दाखवणार होते?

काकूंनीही पत्र वाचलं, आणि त्यांचा चेहरा काकांपेक्षा जास्त उतरला. "म्हणजे तुम्ही दिवसभर घरात?"

"मग काय रस्त्यावर राहू?"

"तसं नाही हो," काकू म्हणाल्या. "पण तुम्ही घरात, तर मी कुठे जाऊ?"

मंगळवार उजाडला. काका सकाळी सव्वासातला आंघोळीला बसले. डोक्याला साबण लावला, डोळे मिटले, वरचा नळ सोडला. पाणी मस्त जोरात आलं, आणि आलं तसं करंगळीएवढं झालं.

"अगं, पाणी!" काका ओरडले.

"काय झालं पाण्याला?" स्वयंपाकघरातून काकू.

"गेलं! तू काही केलंस का?"

"भांडी घासतेय. नळ सोडलाय."

"मग बंद कर ना!"

"आणि भांडी तशीच ठेवू? अहो, गच्चीवरून खाली पाइप एकच येतो. तुम्ही एकटे सोडाल तर सगळं तुम्हाला. दोघांनी सोडलं तर निम्मं निम्मं. वीस वर्षं झाली या घरात राहून, आज कळतंय का?"

काका डोळ्यांत साबण जात असताना स्तब्ध बसून राहिले. पाइप एक. नळ दोन. निम्मं निम्मं. मशीन एक, गन दोन. साठ आणि साठ. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो इतका झगझगीत होता की त्यांनी उरलेली आंघोळ केलीच नाही. काकू दारात येऊन बघतात तर काका ओल्या अंगावर शर्ट चढवून जिना उतरत होते.

स्टेशनवर बेकरीवाल्याची गाडी एक नंबरला लागलेली होती. आकडा एकशेचार. फाटकातून ताईची टॅक्सी आत आली आणि सवयीने दोन नंबरकडे वळू लागली.

"ताई, थांब! तीन नंबरला लाव."

ताईने काच खाली केली आणि काकांना नीट न्याहाळलं. त्यांच्या उजव्या कानामागे साबणाचा फेस होता. "काका, बरं आहे ना तुम्हाला?"

"लाव म्हणतो ना!"

तिने लावली. तीन नंबरवर अठ्ठ्याण्णव. एक नंबरवर एकशेचार, हललासुद्धा नाही. काकांनी श्वास रोखून दोन्ही पडदे बघितले.

"आता काढ आणि दोनला लाव."

"काय? संगीतखुर्ची खेळायला आलेय का मी?"

"दोन मिनिटं फक्त. माझ्यासाठी."

दोन नंबरला गन लागली आणि दोन्ही आकडे साठावर येऊन बसले. परत तीनला नेली, परत दोन्ही चढले. ताई वैतागली होती, पण तीन नंबर मिळाला म्हणून तिने चालवून घेतलं. निघताना एवढंच म्हणाली, "सांगत नव्हते? नशीबवान आहे."

"नशीबबिशीब काही नाही," काका म्हणाले. "ती नुसती एकटी होती."

त्यांना इतका आनंद झाला की ते केबिनमध्ये जाऊन दोन फेऱ्या मारून आले. तिसऱ्या फेरीला मात्र ते मधेच थांबले. हिशेब उलटा फिरू लागला होता. मशीन चांगलं होतं. वीजही चांगली होती. दुसरं मशीन शेजारी रिकामं, हात बांधून उभं असताना, येणाऱ्या पहिल्या दोन गाड्या आठ महिने रोज एकाच मशीनवर लादत होतं कोण? पुढे घ्या, पुढे घ्या करत हात हलवत होतं कोण? आणि वर सात पत्रं लिहिली होती. काकांनी कपाळावर हात मारला, तर हाताला फेस लागला.

दहा वाजता इंजिनियर बाई आल्या. तिशीच्या, बाह्या दुमडलेल्या, बोलणं मोजकं. त्यांच्या फायलीत काकांची सातही पत्रं ओळीने लावलेली होती. काकांना ती बघवेनात.

बाईंनी पहिलं मशीन उघडलं आणि तासभर आत डोकं घालून बसल्या. शेवटी शेवटी आलेल्या दोन गाड्या काकांनी लावून ठेवल्या, पण आता शहाण्यासारख्या: एक इकडे, मशीन चालू व्हायची वाट बघत, आणि एक तिकडे. अखेर बाई बाहेर आल्या. "हा बोल्ट बघा. किंचित सैल आहे. सांधा सैल असला की तापतो, आणि तापला की मशीन स्वतःच वेग कमी करतं." त्यांनी पान्याने तो घट्ट केला, झाकण लावलं, पुन्हा चालू केलं. एक नंबरवर शंभर, तीन नंबरवर पंच्याण्णव. बाई पहिल्यांदा हसल्या. "झालं! आठ महिने एवढ्यासाठी गेले. काका, तुमचं म्हणणं खरं होतं. दोष मशीनमध्येच होता."

काकांचा जीव भांड्यात पडला. कसलीही खटपट न करता ते सुटले होते. उद्यापासून गाड्या नीट लावायच्या, वेग वाढलेला दिसेल, मशीनं राहतील, केबिन राहील, आणि वर आपली पत्रं खरी ठरतील. गप्प बसणं एवढंच काम होतं.

"हं," काका म्हणाले.

बाई उभ्या उभ्या अहवाल लिहू लागल्या. "मिस्त्रीला मात्र आता ठेवता येणार नाही," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "तुमच्या पाचव्या पत्रानंतर त्याला लेखी ताकीद दिली होती. तीनदा आला आणि साधा बोल्ट दिसला नाही? आजच कळवते, उद्यापासून येऊ नकोस म्हणून."

"चहा ठेवतो," काका म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

पाणी उकळेपर्यंत ते तिथे उभे होते. चटईवर उभे होते. गेले दोन महिने गुडघ्याने कुरकुर केली नव्हती हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. त्या माणसाला तीन पेनं लागतात कारण एक नेहमी कुणीतरी मागून नेतं, आणि मागच्या वेळी ते काकांनीच नेलं होतं. सातवं पत्र त्याच पेनाने लिहिलं होतं. काकांना स्वतःची अशी लाज वाटली की त्यांनी चहात साखर दोनदा घातली.

ते कप घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "मॅडम, एकदा शून्यापासून बघा."

"काय बघू?"

तीन नंबरची गाडी चहा होईपर्यंत निघून गेली होती. एक नंबरला एका शिक्षिकेची गाडी शंभरने भरत होती. फाटकातून एक नवी गाडी आली. काकांनी हात वर केला आणि आयुष्यभर करत आले तसं म्हणाले, "पुढे घ्या, पुढे घ्या." गाडी दोन नंबरला लागली. साठ आणि साठ.

बाई म्हणाल्या, "हे असं होणारच. एका मशीनच्या दोन गन आहेत, वाटणी होते."

"हो. तुम्हाला माहीत आहे, मिस्त्रीला माहीत आहे. मला आज सकाळी सव्वासातला कळलं." काकांनी दुसऱ्या मशीनकडे बोट केलं. "आठ महिने मी पहिल्या दोन गाड्या रोज अशाच लावल्या. ते दुसरं मशीन नुसतं उभं असायचं. तुमचा बोल्ट असेल सैल, पण या साठाशी त्याचा काही संबंध नाही. मिस्त्री एकच गाडी लावून बघायचा, त्याला कसं दिसणार? मी कशा लावतो हे त्याने बघितलंच नाही. वाटणीचं त्याने शिकवलं होतं, तेव्हा मी बाहेर होतो."

"बाहेर म्हणजे?"

"एक गाडी पुढे घेत होतो."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे मी आल्यापासून तुम्ही गाड्या मुद्दाम एक आणि तीनला लावत होता?"

"हो."

"तुम्ही बोलला नसता तर मला कळलं नसतं."

"नसतं कळलं," काका म्हणाले. "पण मिस्त्रीने उद्यापासून यायचं नाही, हे मला कळलं ना."

बाईंनी लिहिलेलं पान फाडलं आणि फायलीत एक कोरा कागद लावून काकांपुढे धरला. "हे मला लेखी लागेल."

काकांनी आठवं पत्र लिहिलं. विषय: मशीनबाबत नसून माझ्याबाबत. "सदर मशीन निर्दोष असून निम्नस्वाक्षरीकार हाच आजारी होता. मिस्त्री यांनी शिकवताना मी हजर नव्हतो व नंतर विचारण्यास मला कमीपणा वाटला. आधीची सात पत्रे मी मागे घेत आहे. त्यांतील पाचवे विशेषकरून. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती."

"योग्य ती कार्यवाही म्हणजे काय होऊ शकतं, माहीत आहे ना?" बाईंनी विचारलं.

"एकतीस वर्षं नोकरी केली, मॅडम. माहीत आहे."

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी भाजी निवडायला घेतली. मग म्हणाल्या, "बोललात ते बरं केलंत. नाहीतर मला तुमचं तोंड बघवलं नसतं. पण घरी बसायची वेळ आली तर आत्ताच सांगते, बाल्कनी तुमची, स्वयंपाकघर माझं."

महिनाअखेरीला एकोणीस दिवस होते. काकांनी ते असे घालवले, की बघणाऱ्याला वाटावं कुणी लग्नं जुळवतंय. भुकेली गाडी एका मशीनवर, पोट भरत आलेली तिच्या जोडीला, म्हणजे जी थोडंच घेते तिच्या वाटचं उरलेलं भुकेलीला मिळतं. कुणाची गाडी किती खाते हे त्यांना पाठ होतं, आठ महिने दुसरं केलं काय होतं? पण सरासरी वर न्यायची तर त्यांना आणखी एक गोष्ट करावी लागणार होती, आणि ती करताना त्यांचं काळीज तुटत होतं. ऐंशीचा आकडा आला की ते बाकापाशी जात आणि जमिनीकडे बघत म्हणत, "ऐंशी झाले. आता हळू होईल. निघा."

"फुल नाही करायची?" बेकरीवाल्याने पहिल्या दिवशी घाबरून विचारलं. "काही चुकलं का माझं?"

"तुझं नाही," काका म्हणाले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, मिस्त्रीची गाडी फाटकातून आत आली. मागच्या सीटवर हत्यारांची पेटी आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी मोठं होतं. मशीनं उतरवायला यालाच पाठवावं! काका केबिनच्या दारात उभे राहिले. मिस्त्रीने पेटी काढली, कापड सोडलं, आणि आतून एक पत्र्याची पाटी निघाली. तिच्यावर रंगवलेलं: पहिली गाडी एक नंबर, दुसरी तीन नंबर. त्याने ती खांबाला चार स्क्रू पिळून बसवली. मग खिशातून एक पाकीट काढून दिलं.

पत्र दोन ओळींचं होतं. सरासरी बावन्न झाल्याने स्टेशन चालू राहील. कर्मचाऱ्यास सक्त ताकीद देऊन कामावर कायम ठेवण्यात येत आहे.

काकांनी घडी घालून पत्र खिशात ठेवलं. आता बोलायचं होतं. मिस्त्री पेटी आवरू लागला.

"गाडी चार नंबरला लाव," काका एकदम म्हणाले.

"कशाला? बासष्ट टक्के आहे. घर दहा मिनिटांवर आहे माझं."

"लाव म्हणतो ना."

मिस्त्रीने लावली. काकांनी गन खुपसली आणि पडद्याकडे बोट केलं. "शून्य बघ."

मिस्त्रीने बघितलं. दुसरी कुठलीही गाडी नव्हती. दोघे बाकावर बसले. ऐंशी टक्के बघता बघता झाले आणि काका उठले नाहीत. मग आकडा रेंगाळू लागला. पंच्याऐंशीपर्यंत ते हवेविषयी बोलले. नव्वदला काकांनी खिशातून एक पेन काढून मिस्त्रीच्या हातात दिलं. त्र्याण्णवला म्हणाले, "ती पत्रं मी लिहायला नको होती."

"बाईंनी वाचायला दिलं मला. तुमचं आठवं."

"हं."

"पाचवं जरा लागलं होतं, काका."

"कोणतं वाक्य?"

"'मिस्त्री हा मशीनकडे कमी व चहाकडे अधिक लक्ष देतो.'"

काकांनी डोळे मिटले. "फार वाईट लिहिलं."

"चहा पण वाईट होता," मिस्त्री म्हणाला. काकांनी त्याच्याकडे बघितलं. तो हसत होता. सत्त्याण्णवला काकांनी दुसऱ्यांदा माफी मागितली, आणि शंभरला गन काढताना तिसऱ्यांदा, कारण पत्रं सात होती आणि माफ्या तीन तरी व्हायला हव्या होत्या. मिस्त्री गेल्यावर त्यांनी पाटी खांबावर सरळ आहे ना ते बघितलं आणि केबिनला कुलूप लावून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला इंजिनियर बाईंचा फोन आला. "काका, काल संध्याकाळी चार नंबरवर एक गाडी पाऊण तास सात-आठवर रेंगाळलेली दिसतेय. काही बिघाड आहे का? मिस्त्रीला पाठवू?"

"नको, मॅडम," काका म्हणाले. "मला तेवढा वेळ लागणारच होता."